‘चौघांचा’ तंबू चौघांना पुरत नाही

पत्र: आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून जवळ. घरी आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. गावाबाहेर आमचं पाच एकर वावर आहे. विहिरीजवळ थोडा मुरमाड पडीक तुकडा सोडला तर बाकी सगळी काळी जमीन. हिवाळ्यात शनिवारी रात्री पोरांना घेऊन तिथं राहावं, कधी चिखलदऱ्याला जावं असं ठरवतोय. सासूबाई कधी येतील, कधी नाही. छोटी कार आहे. सगळं मिळून दहा हजार खर्च करू शकतो. ऑनलाइन ‘४ जणांचा, २ मिनिटांत उघडणारा’ तंबू अडीच हजारांत दिसतो. यांचं म्हणणं, तोच घेऊ, वरून ताडपत्री टाकू. मला वाटतं एकदाच ८ जणांचा, दोन खोल्यांचा घ्यावा. साप-विंचवांची भीती वाटते, आणि वाऱ्यानं उडाला तर? नेमका कोणता घ्यावा?

उत्तर:

ताई, दोन्ही नको. तुम्हाला हवा आहे ६ जणांचा म्हणून विकला जाणारा, दोन थरांचा, घुमटाच्या आकाराचा तंबू. तळ सुमारे १० फूट बाय ९ फूट, मधली उंची साडेपाच ते सहा फूट, बाहेरचं छत जवळजवळ जमिनीपर्यंत उतरणारं. दहा हजारांतले साडेसात हजारांपर्यंत तंबूला लावा आणि उरलेले हाताशी ठेवा. ते मुख्यतः मजबूत खुंट्यांसाठी, त्यांचं पुढे येईल. हा खर्च टाळला तर चांगला तंबूही आपल्या मातीत उभा राहत नाही.

सुरुवात तुमच्या भीतीपासून करू, कारण ती रास्त आहे आणि तंबूची निवड तिथूनच ठरते. आपल्याकडे जमिनीवर झोपणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका मण्यारचा. हा साप रात्री फिरतो, अंथरुणात शिरतो, आणि चावला तरी पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही. माणूस पुन्हा झोपी जातो आणि पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. म्हणून तंबूचा तळ भिंतींना शिवलेला पाहिजे, आणि तळाचं जाड कापड चारी बाजूंनी चार-सहा इंच वर चढलेलं पाहिजे. दुकानात याला ‘बाथटब फ्लोअर’ म्हणतात. तळ वेगळा अंथरायचा असेल, किंवा भिंतीच्या खाली फट राहत असेल, तर तो तंबू कितीही मोठा आणि स्वस्त असला तरी घेऊ नका. ताडपत्री टाकून केलेला आडोसा जागलीला ठीक आहे, कारण जागल करणारा जागा असतो. झोपलेल्या पोरांसाठी तो चालत नाही.

पण शिवलेला तळसुद्धा चेन बंद असेल तरच कामाचा. मुलगा दोन मिनिटांसाठी बाहेर गेला तरी चेन पूर्ण लागली पाहिजे, अगदी कोपऱ्यापर्यंत. दोन चेनी एका कोपऱ्यात भेटतात तिथं अर्ध्या इंचाची फट राहते, विंचवाला ती पुरते. घेताना हा कोपरा बोटानं तपासा. चपला-बूट तंबूच्या आत, पिशवीत तोंड बांधून ठेवा. खाण्याचं सामान तंबूत ठेवूच नका, ते कारमध्ये. शेंगदाण्यांच्या वासानं उंदीर येतो आणि उंदरामागे साप. गादीसारखं मऊ लागावं म्हणून काही जण तंबूखाली कुटार, म्हणजे भुसा पसरतात, तेही टाळा. विंचू, गोचीड, उंदीर सगळ्यांना ते आवडतं. एवढं करूनही कुणाला काही चावल्याची शंका आली तर बांधणं, कापणं, चोखणं यात वेळ घालवू नका. त्या माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. जवळचं तसं रुग्णालय कोणतं, हे पहिल्या रात्रीआधीच चौकशी करून ठेवा.

आता आकार. तंबूवरचा ‘४ जण’ हा आकडा चार माणसं खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपली तर बसतील असा असतो. माणशी जेमतेम दोन फूट रुंदी. चौघांचा म्हणून मिळणारा तंबू बहुधा ७ बाय ८ फुटांचा असतो. तुमचं घर त्यात मोजून पाहा. तुम्हा दोघांना पाच फूट, दोन मुलांना साडेतीन-चार फूट, म्हणजे आठ फूट तिथंच संपले. पिशव्या, पाण्याची बाटली, टॉर्च, पांघरुणं ठेवायला जागा उरली नाही. माणसं भिंतीला चिकटून झोपली की कापड आतून ओलं होतं आणि पांघरूणही ओलं होतं. म्हणून सोपा हिशेब असा की तंबूत नेहमी झोपणारी जितकी माणसं त्यात दोन मिळवायची. पेटीवरचा आकडा सोडून द्या, तळाचं माप विचारा. फूट-पट्टी घेऊन घरच्या जमिनीवर खडूनं १० बाय ९ चा चौकोन काढा आणि सगळे त्यात आडवे व्हा. सासूबाईंची गादीही टाका. ती दाराजवळ ठेवावी लागेल, रात्री उठायला सोपं जातं.

मग ८ जणांचा का नको? त्याचा तळ १३-१४ फूट लांब असतो, तेवढी सपाट, दगड-धसकटं नसलेली जागा वावरात सहज मिळत नाही. वजन १२ किलोच्या वर जातं, घडी कारच्या डिक्कीत तिरपी बसते. दोन खोल्यांचे बहुतेक तंबू बोगद्याच्या आकाराचे असतात. त्यांच्या कमानी ताणदोऱ्यांशिवाय उभ्याच राहत नाहीत, आणि मुरमात खुंटी बसली नाही की सगळा तंबू बसतो. घुमटाचे खांब एकमेकांना छेदून स्वतःच उभे राहतात, खुंट्या त्याला फक्त धरून ठेवतात. पहिल्या तंबूसाठी आमची पसंती ठामपणे घुमटाला आहे. साडेसात हजारांत असा सहा जणांचा नीट तंबू नाहीच मिळाला, तर तीन-तीन जणांचे दोन घ्या, दारं समोरासमोर ठेवून चार फुटांवर लावा. एकात सासूबाई आणि मुलगी, दुसऱ्यात तुम्ही दोघं आणि मुलगा. लहान तंबू वाऱ्यात जास्त टिकतो, आणि एक फाटला तरी दुसरा असतो.

दोन मिनिटांत उघडणाऱ्या स्वस्त तंबूची अडचण अशी की त्याला बहुधा एकच थर असतो. आपण रात्रभर श्वासातून पाण्याची वाफ सोडतो. चार माणसांची मिळून ती एका लिटरच्या आसपास जाते. हिवाळ्यात बाहेरचं कापड गार पडतं, वाफ त्याच्यावर आतून थेंब धरते आणि पहाटे पांघरुणावर टपकते. दोन थरांच्या तंबूत आतला थर जाळीचा असतो, वाफ जाळीतून बाहेर पडते आणि वरच्या छताला लागून कडेनं उतरते. मधे तीन-चार इंचांची पोकळी राहिली पाहिजे. वरून ताडपत्री टाकल्यानं एका थराचे दोन होत नाहीत. ताडपत्री कापडाला चिकटली की वाफ अडकते आणि तंबू आणखी ओला होतो. शिवाय त्या तंबूचे सगळे दांडे वर एका प्लास्टिकच्या गाठीत अडकवलेले असतात. ती गाठ तुटली की गावात कुणी दुरुस्त करून देत नाही.

वरच्या छताची लांबी स्वतः पाहा. टोपीसारखं नुसतं माथ्यावर बसणारं छत असेल तर तिरपा पाऊस जाळीतून सरळ आत येतो. ते जमिनीपासून चार-पाच बोटांवर थांबणारं हवं. दारासमोर तीन-साडेतीन फुटांची ओसरी निघत असेल तर फार बरं. बादली, काठी तिथं राहते. खिडक्या समोरासमोर हव्यात, एक वर आणि एक खाली असेल तर उत्तम, म्हणजे गार हवा खालून येते आणि कोंदट वरून जाते. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेऊ नका, वरची नेहमी अर्धी उघडी.

पेटीवर ‘वॉटरप्रूफ ३०००’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, कापडावर ३००० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही. छताला १५०० ते २००० पुष्कळ झालं. तळाला ३००० किंवा जास्त पाहिजे, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तिथला दाब पावसापेक्षा कितीतरी जास्त असतो. या आकड्याच्या मागे फार लागू नका. तंबू बहुधा कापडातून गळत नाही, शिवणीच्या भोकांतून गळतो. छत उलटं करून पाहा, प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. कापड पॉलिएस्टरचं घ्या, आपल्या उन्हात ते नायलॉनपेक्षा जास्त टिकतं.

खांब हातात घ्या. या किमतीत फायबरचेच मिळतील, चालतील, पण जाडी विचारा. सहा जणांच्या तंबूला साडेनऊ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, ११ मिळाले तर उत्तम. दोनऐवजी तीन खांब असतील तर आणखी चांगलं. फायबरचा खांब मोडतो तो जोडावर, आणि बहुतेक वेळा आपल्याच हातानं. तुकडा धातूच्या नळीत पूर्ण न बसवता वाकवला की नळीचं तोंड फाटतं. प्रत्येक जोड ‘टक्’ करून बसला का ते पाहा, आणि खांब कापडाच्या बोगद्यातून नेहमी ढकला. ओढला तर आतले तुकडे सुटतात. मोडलेल्या फायबरची कुसळं हातात शिरतात, म्हणून मुलांना मोडका खांब धरू देऊ नका. खांबावर बरोब्बर सरकणारी सहा इंचांची धातूची नळी आणि चिकटपट्टीचं एक रीळ पिशवीत कायम ठेवा. मोडलेल्या जागेवर नळी सरकवून दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळली की रात्र निघते.

आता खुंट्या. तंबूबरोबर तारेसारख्या सात इंची खुंट्या येतात. त्या मुरमात पहिल्याच ठोक्याला वाकतात आणि काळ्या मातीत कोरड्या भेगेत सैल उभ्या राहतात. वारा आला की तंबू उडतो तो यांच्यामुळे. तुमच्या मुरमाड तुकड्यासाठी लोहाराकडून १० मिलिमीटरच्या सळईचे १२ इंची १६ तुकडे कापून घ्या. एका टोकाला धार, दुसरं टोक वाकवून दोन इंचाचा आकडा. एकूण तीन किलो लोखंड लागतं. तळाच्या कोपऱ्यातल्या पट्टीच्या फाशात १० ची सळई जात नसेल तर चार तुकडे ८ मिलिमीटरचे करा. आकड्याचं तोंड घासून बोथट करा, वरच्या टोकाला पांढरा रंग द्या, नाहीतर अंधारात कुणीतरी ठेचकाळणार. ठोकायला दोन किलोचा हातोडा. खाली मोठा दगड लागला तर सब्बलीनं आधी भोक पाडा. उपसताना आकड्यात दुसरी सळई घालून पिळा, मग वर ओढा. या खुंट्या वेगळ्या पोत्यात ठेवा, तंबूच्या पिशवीत घातल्या तर कापड फाडतात.

काळ्या जमिनीवर शक्यतो तंबू लावूच नका. हिवाळ्यात तिची वरची चार बोटं भुसभुशीत असतात आणि खाली भेगा. शिंतोडे पडले की तीच माती साबणासारखी गुळगुळीत होते आणि गोल खुंटी अलगद वर येते. लावणं भागच असेल तर एक इंची लोखंडी अँगलचे (काटकोनात वळलेल्या पट्टीचे) १६ इंच लांब तुकडे वापरा, त्यांच्या कडा माती धरतात. नदीच्या रेतीत तर ठोकून काहीच धरत नाही. तिथं पिशवीत रेती भरायची, तोंडाला दोरी बांधायची आणि पिशवी एक फूट खोल आडवी गाडायची. निव्वळ खडकावर दहा-पंधरा किलोच्या धोंड्याला दोरी बांधा, धारदार कडेला गोणपाटाची घडी द्या.

खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून दूर कललेलं ठेवा. ताणदोरी तंबूला जेवढ्या उंचीवर बांधली तेवढ्याच अंतरावर खुंटी घ्या, म्हणजे दोरी ४५ अंशांत येते. आधी चारही कोपरे, मग आतला तंबू उभा करायचा, वर छत, आणि शेवटी समोरासमोरच्या ताणदोऱ्या जोडीजोडीनं. एकाच बाजूच्या सगळ्या ओढल्या तर छत तिरपं बसतं आणि एका बाजूला कापडाला कापड टेकतं. दिवसा ताणलेला पॉलिएस्टरचा छत रात्रीही फारसा सैल पडत नाही, पण माती सुटते, म्हणून झोपण्याआधी टॉर्च घेऊन एक फेरी मारा. दार वाऱ्याकडे नको. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे.

तंबूखाली ताडपत्री टाकायची तर ती तळापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच लहान घडी करून टाका. बाहेर राहिलेल्या कडेवर पाऊस साचतो आणि तो थेट तुमच्या गादीखाली येतो. ही चूक फार जण करतात आणि दोष तंबूला देतात.

पाऊस आणि वीज यांबद्दल स्पष्ट सांगतो. विदर्भात तंबूचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या शेवटापासून अवकाळी आणि गारपीट सुरू होते, गारेनं कापडाला भोकं पडतात. एप्रिल-मे मध्ये तंबू म्हणजे भट्टी. वीज चमकायला लागली की तंबू सुरक्षित नाही, झाडाखाली तर अजिबात नाही. सगळ्यांनी कारमध्ये बसायचं, काचा लावायच्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप मोबाईलमध्ये घालून ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं.

हिवाळ्यातही सकाळी नऊनंतर बंद तंबूत बसवत नाही. तंबू झाडाच्या किंवा गोठ्याच्या पश्चिमेला लावा, म्हणजे सकाळची सावली मिळते. दुपारी मुलांना आत पडायचं असेल तर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट, ५० किंवा ७५ टक्के सावलीची, १५ बाय १२ फुटांचा तुकडा, चार बांबूंवर छताच्या एक-दीड फूट वर ताणा. छताला टेकली तर उपयोग नाही, मधून हवा गेली पाहिजे. वारा सुटला की आधी ती उतरवा, तंबू नंतर.

वावरातली जागा निवडताना झाडाकडे वर पाहा. वाळलेली फांदी नको, बाभळीखाली नको, काटा तळातून वर येतो. जवळच्या मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला मुक्काम आणि चूल दोन्ही नको, धुरानं माशा उठतात. खोलगट भाग, नाल्याचा काठ, कालव्याची आणि धरणाखालची नदीची पात्रं सोडा, रब्बीला पाणी रात्रीही सोडतात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर नुकती फवारणी झाली असेल तर त्या आठवड्यात मुलांना तिथं झोपवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा हा विषय तुमच्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. फवारणीचे डबे, पंप आणि तंबू एकाच खोलीत ठेवू नका.

आणि एक गोष्ट अंधार पडण्याआधी करायचीच. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यांना विचारा की रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत काही सोडलंय का. झटका मशीनचा धक्का थोड्या वेळाचा असतो, पण काही जण बेकायदेशीरपणे सरळ लाईनचा करंट सोडतात आणि त्यात माणसं मेली आहेत. मुलांना दिवसा उजेडी तार दाखवा, ताणदोरी त्या खांबांना कधीही बांधू नका, रात्री लघवीला जायची वाट आधी ठरवून तिथं कंदील ठेवा.

तंबू घरी आला की वावरात नेऊ नका. आधी अंगणात. खांब, खुंट्या, दोऱ्या मोजा, चेन वीस वेळा उघड-बंद करा, प्रत्येक शिवण उन्हाकडे धरून पाहा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी हे सगळं झालं पाहिजे. पावती आणि पेटी तोवर जपा. समाधान झालं की पाण्याची परीक्षा. पाईपच्या तोंडाला झारी लावून वरून पावसासारखं पाणी सोडा, प्रत्येक बाजूला दहा मिनिटं, आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला. ओल फक्त शिवणीच्या रेषेत दिसली तर ती गळती. तिथं आतून शिवणीवर लावायचा सीलर ब्रशनं लावा आणि दिवसभर वाळू द्या. पहाटे छताला सगळीकडे सारखे थेंब दिसले तर ती श्वासाची वाफ, खिडकी उघडा. तुम्ही दोघांनी तंबू दिवसा दोनदा आणि अंधारात एकदा लावून पाहा. तिसऱ्या वेळी वीस मिनिटांत जमायला हवं.

झोपायला हवेची गादी घेऊ नका. थंडीत आतली हवा गार पडते आणि पाठ रात्रभर गारठते. खाली १० मिलिमीटरच्या फोमच्या चटया, वर सतरंजी, वर घरचीच गादी, पांघरायला गोधडी. तुमच्याकडे कार आहे, वजनाची काळजी नाही. सासूबाईंना जमिनीवरून उठायला त्रास होत असेल तर कमी उंचीची घडीची खाट आत मावते का ते खडूच्या चौकोनात पाहून घ्या. खाटेच्या पायांखाली रबरी बुचं आणि फळीचा तुकडा द्या, नाहीतर तळाला भोक पडेल.

तंबूत शेगडी नाही, गॅस नाही, कोळशाची अंगार तर मुळीच नाही, ओसरीतही नाही. बंद कापडात जळणाऱ्या कोळशाच्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. पॉलिएस्टरला ठिणगी लागली की ते वितळून अंगाला चिकटतं. चूल दहा-बारा फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

रविवारी दुपारी तंबू सावलीत पूर्ण वाळवूनच बांधा. दव पडलेला असेल आणि घाईत ओला गुंडाळला असेल तर सोमवारी सकाळी घरी दोरीवर पसरायचाच. ओला राहिला तर आधी बुरशी धरते, मग आतला जलरोधक लेप चिकट होऊन सुटतो, आणि तो परत नीट लावणं फार अवघड. साबण, सोडा, वॉशिंग मशीन काही नको, साध्या पाण्याचा मऊ फडका पुरे. चेनीतली माती जुन्या दातांच्या ब्रशनं झाडा आणि दातांवर मेणबत्ती फिरवा. सैल गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळ्यात कापड भाजून निघतं, आणि उघड्यावर उंदीर कुरतडतात.

चिखलदऱ्याबद्दल. तिथली उंची सुमारे ११०० मीटर, डिसेंबर-जानेवारीतली थंडी दारव्ह्यापेक्षा बरीच जास्त, माणशी एक गोधडी वाढवा आणि मुलांना कानटोपी. सभोवती मेळघाटचं जंगल आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जागांपैकी ती एक. रस्त्याच्या कडेला किंवा पठारावर मनानं तंबू ठोकणं धोक्याचंही आहे आणि वनहद्दीत परवानगीशिवाय गुन्हाही आहे. आखून दिलेल्या, राखण असलेल्या जागीच राहा. जाण्याआधी तिथं फोन करून विचारा की आपला तंबू लावू देतात का, जमीन माती आहे की खडक, रात्री दिवा आणि राखणदार असतो का, संडास किती पावलांवर आहे. खडक असेल तर खुंट्यांचं पोतं घरी ठेवा आणि बांधायची दोरी ६० फूट जास्त घ्या.